घर विकायला काढलंय आणि घरात कॅमेरे आहेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, तसंच परदेशात राहून इथलं घर विकणारी मंडळी हे प्रश्न सतत पाठवतात. एकाच विषयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या रीसेल फ्लॅटला धरून आहेत. गावाकडचं घर आणि अमेरिकेतलं घर यांचे प्रश्न शेवटी आहेत.

१. घर विकायला काढलं आहे. कॅमेरे ठेवू की व्यवहार होईपर्यंत काढून टाकू?

ठेवा. एरवी ज्या घरात नातेवाईक आणि कामाच्या मावशी सोडून कोणी पाऊल टाकत नाही, तिथे आता दर शनिवार-रविवारी पार्ट्या येतात. त्यांच्यासोबत ब्रोकर येतो, ब्रोकरचा माणूस येतो, कधी वास्तू बघणारे गुरुजी येतात आणि सौदा ठरत आला की बँकेचा व्हॅल्युअर येतो. घर रिकामं असेल तर किल्ली वॉचमनकडे नाहीतर ब्रोकरकडे असते. अशा वेळी दाराशी कोण आलं आणि किती वाजता गेलं, एवढी नोंद असणं ही साधी खबरदारी आहे.

पण कॅमेरा राखणीपुरताच असावा. घर बघायला आलेला माणूस तुमच्या भरवशावर आत येतो. त्याला सांगून कॅमेरा चालू ठेवायचा, आवाज बंद करायचा आणि ताबा दिला की त्या कॅमेऱ्याशी संबंध पूर्ण तोडायचा. एवढं पाळलं तर पुढचे बहुतेक प्रश्न उभेच राहत नाहीत.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडू नका. सोनं, मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट विक्रीच्या काळात बँकेच्या लॉकरमध्ये हलवा. पार्टीला दाखवायला झेरॉक्स पुरतात.

२. घर माझं, कॅमेरा माझा. मग कायद्याची अडचण कसली?

स्वतःच्या घराच्या राखणीसाठी कॅमेरा लावायला परवाना लागत नाही. अडचण येते ती कॅमेरा काय टिपतो आणि त्या चित्राचं तुम्ही काय करता यावरून.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ई नुसार कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचं चित्र संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ७७ प्रमाणे, आपल्याला कोणी बघत नाही अशा समजुतीने खासगी कृती करत असलेल्या स्त्रीला बघणं किंवा तिचं चित्रण करणं यासाठी पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. घराचा मालक कोण याने इथे काही फरक पडत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीच्या निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती वापराला लागू होत नाही, त्यामुळे हॉलमधल्या कॅमेऱ्यासाठी तुम्हाला कुठे नोंदणी करायची नाही. हीच चित्रं धंद्याच्या कामाला जाऊ लागली की ती घरगुती राहत नाहीत. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

३. घर बघायला येणाऱ्यांना कॅमेऱ्याबद्दल सांगायलाच हवं का? सांगितलं तर पार्टी बिचकणार नाही का?

सांगा. आज प्रत्येक सोसायटीच्या गेटवर, लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये कॅमेरे आहेत. कॅमेरा आहे म्हणून कोणी बिचकत नाही. लपवलेला कॅमेरा पाचव्या मिनिटाला टीव्हीच्या मागे दिसला की बिचकतात आणि मग त्यांना वाटतं की या मालकाने आणखी काय लपवलं असेल. गळती, थकलेला मेंटेनन्स, कोर्टातली केस, सगळं एकदम मनात येतं.

दोन ठिकाणी सांगा. एक, भेट ठरवताना ब्रोकरच्या मेसेजमध्ये: “फ्लॅटमध्ये मुख्य दाराजवळ आणि हॉलमध्ये सुरक्षेसाठी कॅमेरा चालू आहे. आवाज रेकॉर्ड होत नाही.” दोन, दाराच्या आतल्या बाजूला, चपला काढताना नजर जाईल अशा उंचीवर हाच मजकूर मराठी आणि इंग्रजीत छापलेला कागद. जिन्यात लावलेला फिकट स्टिकर कोणी वाचत नाही.

मेसेज फायद्याचा आहे, कारण आपण सांगितल्याचा तो पुरावा राहतो. तोंडी सांगितलेलं ब्रोकर विसरतो.

४. आवाज चालू ठेवला तर पार्टी आपसात किती किंमत बोलते ते कळेल. त्यात गैर काय?

हा प्रश्न बरेच जण थोडं संकोचून विचारतात, म्हणून सविस्तर उत्तर.

समजा, तुम्ही ऑफिसात बसून फोनवर बघताय. नवरा-बायको किचनमध्ये उभे आहेत. तिने सिंकखालची ट्रॉली ओढली, मागच्या भिंतीला हात लावून ओल आहे का पाहिलं आणि हळूच म्हणाली, “ब्याऐंशीपर्यंत जाऊ, पण आत्ता पंचाहत्तरच म्हण.” आता ही रक्कम तुमच्या डोक्यातून जाणार नाही. पंचाहत्तरची ऑफर आली की तुम्ही ब्याऐंशीवर अडून बसाल. समोरच्याला कळेल की आपला आतला आकडा बाहेर गेलाय. घरात माइक असलेला कॅमेरा त्यांनीही पाहिलेला असतो. एवढा मोठा व्यवहार, कर्ज, रजिस्ट्रेशन, ताबा मिळेपर्यंतचे काही महिने, हे सगळं एकमेकांवरच्या भरवशावर चालतं आणि तो भरवसा तिथेच जातो. पार्टी टोकन परत मागते आणि कारण वेगळंच सांगते.

शिवाय त्या दोघांनी आपसातच बोलतोय असं समजून जे बोललं, ते चोरून ऐकणं हा त्यांच्या खासगीपणावर घाला आहे. राखणीसाठी आवाजाची काही गरज नसते. माणूस आला, गेला, काय उचललं, हे चित्रात दिसतं.

म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक बंद करा. डीव्हीआरवर (सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीवर) प्रत्येक कॅमेऱ्याचा ऑडिओ वेगळा बंद करावा लागतो. नंतर स्वतः हॉलमध्ये उभं राहून चार वाक्यं बोला आणि ते रेकॉर्डिंग लावून आवाज खरंच येत नाही ना याची खात्री करा. कॅमेऱ्यातून बोलायची सोयही भेटीच्या वेळी वापरू नका. रिकाम्या हॉलमध्ये छताकडून अचानक “डावीकडे मास्टर बेडरूम आहे” असा आवाज आला की माणूस दचकतो.

५. घरात कॅमेरा कुठे असावा आणि कुठे नसावा?

मुख्य दार आतून दिसेल असा एक आणि हॉल दिसेल असा एक. दोन बीएचकेला एवढे पुरतात. ड्राय बाल्कनी किंवा टेरेसमधून आत येता येत असेल तर तिकडे तोंड करून तिसरा.

बाथरूम, टॉयलेट आणि कपडे बदलायची जागा इथे कधीच नाही, रिकामं घर असलं तरी नाही. बेडरूममध्येही नको. घर बघायला आलेली बाई लहान बाळाला घेऊन येते, बाळ रडलं की ती बेडरूममध्ये जाऊन दार लोटते. तिथे कॅमेरा चालू असेल तर प्रश्न २ मधलं सगळं तुमच्या दारात येऊन उभं राहतं.

आधीपासून बेडरूममध्ये कॅमेरा असेल तर नुसता ॲपमधून बंद करू नका. प्लग काढा आणि कॅमेरा कपाटात ठेवा. बंद आहे हे तुम्हाला माहीत असतं, पाहुण्याला फक्त भिंग दिसतं.

६. आई घरातच असते, अंथरुणाला खिळून आहे. तिच्या खोलीत आम्ही कॅमेरा लावलाय कारण मी बंगळुरूला असतो. पार्टी आली की काय करू?

तिच्यावर लक्ष ठेवायला लावलेला कॅमेरा आणि विक्रीसाठीची राखण या दोन वेगळ्या गोष्टी समजा. भेटीच्या वेळी आईच्या खोलीतला कॅमेरा बंद ठेवा आणि त्या वेळेपुरतं घरचं कोणी किंवा विश्वासातली ताई आईजवळ बसवा. पार्टीला ती खोली शेवटी, दोन मिनिटांत, आईला विचारून दाखवा. तिचं आजारपण, औषधांचं टेबल आणि पलंग पाच कुटुंबांनी रोज उभं राहून बघणं तिला नको वाटू शकतं, आणि घर तिच्याही नावावर असेल तर तिचा शब्द आधी.

सांभाळायला ठेवलेल्या ताईंनाही कॅमेरा कुठे आहे आणि केव्हा चालू असतो हे स्पष्ट सांगितलेलं असावं. त्या तिथेच झोपत असतील तर त्यांना कपडे बदलायला कॅमेऱ्याबाहेरची जागा द्या.

७. आम्ही नव्या घरी राहायला गेलो, जुना फ्लॅट रिकामा आहे, वायफाय काढून टाकलं. आता कॅमेरा कसा चालवायचा?

सगळ्यात जास्त येणारा तांत्रिक प्रश्न हाच.

आधी वीज. बरेच जण घर सोडताना मेन स्विच पाडतात आणि कॅमेरा त्याच क्षणी मरतो. बाकीचे एमसीबी पाडा, हॉलचा एक चालू ठेवा. बिल कमी येतं म्हणून विसरू नका. थकबाकी राहिली तर कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते आणि ती नोटीस तुम्ही जिथे राहत नाही त्या पत्त्यावर पडून राहते. महावितरणच्या ॲपमध्ये मोबाइल नंबर चालू आहे ना हे बघून ठेवा.

मग इंटरनेट. एकट्या फ्लॅटसाठी ब्रॉडबँड चालू ठेवणं परवडत नसेल तर सिम घालायचा छोटा फोरजी राउटर किंवा थेट सिम घेणारा कॅमेरा चालतो. हालचाल झाली तरच क्लिप पाठव अशी सेटिंग ठेवली तर डेटा फार लागत नाही. थेट चित्र बघत बसलात तर मात्र लागतो. एक एमबीपीएसच्या (सेकंदाला एक मेगाबिट डेटाच्या) चित्राला तासाला साधारण ४५० एमबी जातात. सिमचं रिचार्ज संपलं की कॅमेरा मुकाट्याने बंद पडतो, तेव्हा त्याची तारीख फोनमध्ये लावून ठेवा. बहुतेक घरगुती वायफाय कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच जोडले जातात. नव्या राउटरला कॅमेरा जोडला जात नसेल तर पहिली शंका तिथेच घ्या.

लाइट गेली की राउटरही जातो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावला तर तासा-दोन तासांचं भारनियमन निघून जातं. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असू द्या, म्हणजे नेट नसतानाही नोंद राहते.

घरफोडीचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. घर सलग रिकामं राहिल्यास संरक्षण मिळत नाही अशी अट अनेक पॉलिसींमध्ये असते. कॅमेरा आहे म्हणून ती अट सुटत नाही, विमा कंपनीला लेखी कळवावं लागतं.

८. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवावं?

दोन ते तीन आठवडे पुरतात. एखादी वस्तू गायब झाल्याचं सहसा पुढच्या फेरीत, म्हणजे आठवडाभरात लक्षात येतं. हिशोब सोपा आहे: एक एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे १०.८ जीबी लिहितो. चार कॅमेरे म्हणजे ४३ जीबी, म्हणून एक टीबीची डिस्क साधारण २३ दिवसांनी स्वतःवरच पुन्हा लिहू लागते. चित्राचा दर्जा दुप्पट ठेवला तर अकरा-साडेअकरा दिवस.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. काही संशय आला तर लगेच कॉपी काढा. महिन्याने आठवलं तर पुसलेलं असतं. आणि काहीच घडलं नसेल तर येऊन गेलेल्या माणसांची चित्रं साठवून ठेवायचं काही कारण नाही.

९. ब्रोकर म्हणतो, कॅमेऱ्याचं लॉगिन द्या, म्हणजे मला माझी माणसं बघता येतील. देऊ का?

नको. लॉगिन म्हणजे घर केव्हा रिकामं आहे याची माहिती, आणि ती त्याच्या ऑफिसातल्या किती फोनवर जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. शिवाय घर बघायला आलेल्यांची चित्रं एका व्यावसायिकाने आपल्या धंद्यासाठी वापरणं हा घरगुती वापर राहत नाही.

त्याऐवजी किल्लीची शिस्त लावा. किल्ली एकाच माणसाकडे, प्रत्येक भेटीआधी मेसेज, निघताना कुलपाचा फोटो. सोसायटीत गेटची नोंद ॲपवर होत असेल तर ती तुमच्या फोनवर येतेच, ती आणि कॅमेऱ्याची वेळ ताडून बघता येते. ब्रोकरकडे महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. चांगले लोक तो कार्डावरच छापतात.

आणखी एक. डीव्हीआर बसवून देणाऱ्या मुलाने तुमचं खातं स्वतःच्या मोबाइल नंबरवर किंवा ईमेलवर उघडलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. विक्रीला काढण्याआधी ॲपमध्ये शेअर केलेले वापरकर्ते किती आहेत ते उघडून बघा. जुना ड्रायव्हर, सोडून गेलेला मॅनेजर, बसवणारा, जो जो असेल तो काढा आणि पासवर्ड बदला.

१०. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये कॅमेरा लावलाय. समोरचे तक्रार करतात. विक्रीपर्यंत ठेवू शकतो का?

पॅसेज सोसायटीचा सामाईक आहे. तिथल्या भिंतीवर काही लावायचं तर कमिटीला पत्र देऊन लेखी परवानगी घ्या. त्याआधी समोरच्या काकूंना फोनवरचं चित्र दाखवा. त्यांचा आक्षेप बहुतेक वेळा “आमच्या दारातून आतलं दिसतं” हाच असतो आणि तो रास्त आहे. कॅमेरा खाली झुकवून फक्त तुमचा उंबरा दिसेल असा करा. बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करून टाकायची सोय असते, ती त्यांच्या दारावर लावा.

घर विकताना शेजाऱ्याशी भांडण ओढवून घेऊ नका. पार्टी निघताना समोरची बेल वाजवून “सोसायटी कशी आहे?” असं विचारतेच.

११. फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे, अजून पाच महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स बाकी आहे. भेटींसाठी आत कॅमेरा लावू का?

नाही. करार आहे तोवर ते त्याचं राहतं घर आहे. आत कॅमेरा लावायचा तर तो त्याने स्वतःच्या मनाने लावायचा, तुम्ही नाही. आधीपासून घरात तुमचा कॅमेरा बसवलेला असेल तर तो काढून घ्या किंवा लॉगिनसकट त्याच्या ताब्यात द्या.

भाडेकरूच्या वस्तूंची राखण हवी असेल तर भेटीच्या वेळी तो किंवा त्याचं कोणी घरात हजर असेल अशीच वेळ ठरवा. आदल्या दिवशी फोन करून विचारा. त्याने सहकार्य केलं नाही तर घर दाखवणंच अवघड होतं, म्हणून भेटी आठवड्यातल्या एकाच ठरलेल्या वेळेत बसवून देणं दोघांनाही बरं पडतं.

१२. वडिलोपार्जित घर आहे. मी विकायच्या बाजूने, धाकटा भाऊ तिथेच राहतो. मी माझ्या हिश्श्याच्या हक्काने कॅमेरा लावू शकतो का?

तो राहतो त्या भागात, त्याच्या संमतीशिवाय, नाही. कोलकात्यात दोन भावांच्या अशाच वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटलं की, घराच्या राहत्या भागात सहनिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

सामाईक अंगण, फाटक, जिना इथे सगळ्यांच्या संमतीने लावता येईल, आणि लॉगिन सगळ्या हिस्सेदारांकडे असावं. एकाच्याच फोनवर चित्र येत असेल तर कॅमेऱ्यावरून नवं भांडण सुरू होतं. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय पूर्ण घराची विक्री होणार नाहीच, त्यामुळे आधी बोलून घ्या.

१३. भेटीनंतर घड्याळ गायब झालं, रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस उचलताना दिसतो. काय करू?

पहिलं काम, डीव्हीआरला हात लावून फॉरमॅट, अपडेट असलं काही करू नका. त्या दिवसाचं पूर्ण रेकॉर्डिंग, फक्त तेवढी क्लिप नव्हे, पेनड्राइव्हवर काढा. डीव्हीआरचं घड्याळ आणि फोनचं घड्याळ यांचा फोटो एकत्र घ्या, कारण डीव्हीआरची वेळ हमखास चुकीची असते आणि बचावाचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

कोर्टात ही नोंद चालायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. पूर्वी हे जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमावरून ६५बी म्हणून ओळखलं जायचं. त्याचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जरा जरी बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. व्हॉट्सॲपवरून फिरलेली क्लिप आकुंचन पावलेली असते, तिची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. म्हणून मूळ फाइल जपा.

ब्रोकरला फोन करायचा असेल तर शांतपणे करा. कित्येकदा मुलाने खेळता खेळता उचललेली वस्तू घरी गेल्यावर पालकांना सापडते आणि ते स्वतः परत आणून देतात.

१४. तोच माणूस दुसऱ्यांनाही फसवेल. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून सावध करू का?

टाकू नका. चित्रात दिसतं ते आणि कोर्टात सिद्ध होतं ते यात अंतर आहे. “हा चोर” असं लिहून फोटो फिरवलात आणि तो निर्दोष ठरला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा दावा तुमच्यावर येईल. सेक्रेटरींना आणि पोलिसांना थेट द्या. ग्रुपवर एवढंच लिहा: “घर बघायला येणाऱ्यांची गेटवर नोंद आणि ओळखपत्र नक्की पाहा.”

१५. जाहिरातीच्या फोटोंत कॅमेरे दिसू द्यावेत का?

कॅमेरा दिसला तर चालेल, डीव्हीआर दिसू नये. टीव्ही युनिटच्या फोटोत डीव्हीआर, राउटर आणि त्यावर चिकटवलेला वायफायचा पासवर्ड असा फोटो पोर्टलवर चढलेला असतो. त्याच फोटोत देवघरातली चांदीची समई, कपाटाची किल्ली आणि भिंतीवरचं मुलांच्या शाळेचं वेळापत्रकही असतं. अपलोड करण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून कोपरे बघा. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून काढलेली चित्रं जाहिरातीला वापरू नका.

१६. विक्रीत कॅमेरे घराबरोबर जातात की मी नेऊ शकतो?

लिहून ठेवलंत तर वाद नाही. भिंतीत वायरिंग करून, स्क्रू मारून बसवलेली वस्तू घराचाच भाग आहे असं घेणाऱ्याला वाटतं आणि टेबलावरचा वायफाय कॅमेरा तुमचा आहे असं तुम्हाला. व्हिडिओ डोअरफोनवर तर हमखास खटका उडतो. करारनाम्याला जोडलेल्या वस्तूंच्या यादीत पंखे, गीझर, मॉड्युलर किचन यांच्या खाली एक ओळ वाढवा: किती कॅमेरे, डीव्हीआर आणि डिस्क राहणार की जाणार, वायरिंग जशीच्या तशी राहणार.

माझं मत विचाराल तर कॅमेरे आणि वायरिंग देऊन टाका, डिस्क काढून घ्या. जुन्या कॅमेऱ्याला बाजारात किंमत येत नाही, डिस्कमध्ये मात्र तुमच्या घरातला सगळा वावर असतो.

१७. मी घर घेणारा आहे. बघायला जातो तिथे कॅमेरा असला तर मी काय काळजी घ्यावी?

किंमत, कर्जाची मर्यादा आणि “मला फार आवडलंय” हे घरात बोलू नका. खाली उतरा, गाडीत बसा, मग बोला. मालकाला मोकळेपणाने विचारा, “कॅमेरा चालू आहे का? आवाज येतो का?” नीट उत्तर देणारा मालक पुढेही नीट वागण्याची शक्यता जास्त असते.

शंका असेल तर पडदे ओढून दिवे घालवा आणि फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून खोलीभर बघा. अंधारात चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे अनेक फोनच्या पडद्यावर जांभळट ठिपक्यांसारखे चमकतात. ताबा घेताना प्रश्न १९ मधल्या गोष्टी मालकाकडून समोर करून घ्या.

१८. कोकणातलं घर विकायला काढलंय, गावात कोणी नाही. तिथे कॅमेरा टिकतो का?

टिकतो, पण तयारी वेगळी लागते. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही, म्हणून सिमवर चालणारा सौर कॅमेरा पडवीत लावणं बरं. आधी तुमच्या फोनमध्ये तेच सिम घालून पडवीत रेंज येते का ते बघा. जून ते सप्टेंबर ढगाळ दिवसांत बॅटरी भरत नाही, म्हणून सतत रेकॉर्डिंग न ठेवता हालचालीवर ठेवा. वीजजोडणीवरचा कॅमेरा असेल तर पावसाळ्यात विजांच्या कडकडाटात पहिला बळी त्याचाच जातो.

रात्री फोन पन्नास वेळा वाजेल. इन्फ्रारेडच्या दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे पाल येते, कोळी भिंगासमोरच जाळं विणतो आणि प्रत्येक हालचालीची सूचना तुम्हाला ठाण्यात येते. महिन्यातून एकदा कोणीतरी फडकं मारणं गरजेचं आहे. शेजारच्या दादांना हे काम सांगा, त्यांना कॅमेरा कुठे आहे ते दाखवा आणि वाटेवरून येणारं-जाणारं गाव त्यात येणार नाही असं तोंड वळवा. गोव्यातल्या घरांनाही हेच सगळं लागू पडतं.

१९. ताबा देण्याच्या दिवशी कॅमेऱ्याचं नेमकं काय करायचं?

यात घाई होते, कारण त्या दिवशी डोक्यात चेक, मीटरचं रीडिंग आणि किल्ल्या असतात. म्हणून आदल्या दिवशी डिस्क आणि मेमरी कार्ड काढून घ्या. ताब्याच्या वेळी नव्या मालकांना शेजारी उभं करून ॲपमधून कॅमेरा ‘डिलीट’ करा. नुसता कॅमेऱ्याचा रिसेट पुरत नाही. बऱ्याच कंपन्यांत जुन्या खात्यातून कॅमेरा सोडल्याशिवाय तो नव्या खात्यात घेताच येत नाही, आणि मग नवे मालक महिनाभर तुम्हाला फोन करत राहतात. डिलीट झाल्यावर कॅमेऱ्यावरचं रिसेट बटण पिनने दाबून धरा, आवाज किंवा दिवा आला की तो त्यांच्या फोनवर जोडून द्या. डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड त्यांना त्यांच्याच हाताने बदलू द्या. क्लाउडची वर्गणी बंद करा, ती तुमच्या कार्डावरून कापली जात असते. डोअरबेल, स्मार्ट कुलूप, गीझरचा स्मार्ट प्लग यांचंही हेच करा.

ताबापावतीत एक वाक्य घाला: “घरातील सर्व कॅमेरे व स्मार्ट उपकरणांवरील विक्रेत्याचा प्रवेश आज बंद करण्यात आला आहे.”

रजिस्ट्रेशन झालं पण बँकेचा चेक यायचा आहे, किल्ली तुमच्याकडेच आहे, अशा मधल्या दिवसांत कॅमेरा तुमचाच चालू राहू द्या. मात्र फर्निचरचं माप घ्यायला त्यांचा सुतार येणार असेल तर त्यांनाही तो चालू असल्याचं पुन्हा सांगा. पूर्ण पैसे येण्याआधीच किल्ली दिली असेल तर किल्ली दिली त्या क्षणी कॅमेराही सोडा. बाकी रकमेची हमी वकिलाकडून कागदावर घ्या, कॅमेऱ्यातून नजर ठेवून नाही.

२०. आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिथलं घर विकतोय, आणि पुण्यातलाही फ्लॅट विकायचाय. दोन्हीकडे नियम एकच का?

पुण्यासाठी वरची सगळी उत्तरं लागू. पुण्यात सकाळी अकराला भेट असते तेव्हा उन्हाळ्यात तुमच्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो, तेव्हा थेट बघायचा हट्ट सोडा आणि कुलमुखत्यारपत्र ज्यांच्या नावे आहे त्या काका-मामांना भेटीला हजर राहू द्या.

अमेरिकेत आवाजाबद्दल कायदा कडक आहे. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे संभाषणातल्या निदान एकाची तरी संमती लागते. न्यू जर्सी आणि टेक्सास याच गटात आहेत. पण घर बघणारे आपसात बोलताना तुम्ही तिथे नसताच, म्हणजे त्या संभाषणात तुम्ही कोणीच नाही. म्हणून या राज्यांतही चोरून केलेलं ध्वनिमुद्रण अडचणीत आणतं. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा इथे तर सगळ्यांची संमती लागते. ओपन हाउसच्या (घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात त्या) दिवशी दारावरच्या बेलचाही माइक बंद करा, तुमचं घर विकणाऱ्या लिस्टिंग एजंटला कॅमेऱ्यांची यादी द्या आणि दारात सूचना लावा. राज्याचा नेमका नियम तिथल्या वकिलाला विचारा.

२१. ताबा देऊन तीन आठवडे झाले. आज ॲप उघडलं तर नव्या मालकांचा हॉल दिसला. आता?

ॲप लगेच बंद करा आणि पुन्हा कुतूहलाने उघडून बघू नका. जे दिसलं त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका. घरातल्या बाकीच्यांच्या फोनवर तेच खातं असेल तर त्यांनाही सांगा. मग कॅमेरा खात्यातून डिलीट करा. त्याच दिवशी नव्या मालकांना फोन करून सांगा की कॅमेरा चुकून आमच्या खात्यावर राहिला होता, आज काढला, तुम्ही एकदा रिसेट करून घ्या. पाठोपाठ तेच मेसेजने लिहून पाठवा. क्लाउडवर त्या तीन आठवड्यांची रेकॉर्डिंग असतील तर न बघता पुसा आणि पुसल्याचंही कळवा. ते रागावतील, रागावू द्या, आणि त्यांना हवं असेल तर जाऊन त्यांच्यासमोर सगळी उपकरणं रिसेट करून द्या.